टाळूतलं अमृत

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळगाव राजा.

दादावरचा माझा राग जातच नाही. योगशिबिरातल्या गुरूनं सांगितलं की जीभ उलटी वळवून टाळूला लावली की अमृत झरतं, आणि यानं वहिनीलाही न सांगता इन्सुलिन बंद केलं! आज वांग्याच्या वावरात कोसळला. दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर मी ओरडलेच, "काऊन केलं असं?"

"तोंडाले गोड चव येऊन राह्यली होती. मले वाटलं, अमृतच."

गोड! रक्तातली साखर चढली होती ती. अरे, शिकलेला ना तू? जीभ टाळूला लावून साखर उतरते?

वहिनी म्हणाली, "मले विधवा करून तुमाले अमर व्हाचं होतं काय?"

सिस्टर इन्सुलिनची सुई घेऊन आली, तेव्हा दादानं मुकाट्यानं दंड पुढं केला.