दातात दोरी

आई, तुझी नात माझ्याशी पुन्हा मराठीत बोलायला लागली. चुकीचं बोलते, पण बोलते. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, आणि तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. तू गेलीस तेव्हा ती जन्मायची होती. ती झाली त्या दिवशीच मी ठरवून टाकलं होतं, की हिचं मराठी तुझ्यासारखं खणखणीत झालं पाहिजे. आणि तेही कुठं, तर कोलकात्यात! यांच्या नोकरीपायी आम्ही आलो आणि इथलेच झालो. डमडमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात बांगला, बाजारात बांगला, शाळेत बांगला नाहीतर इंग्रजी. मराठी काय ते आमच्या दाराच्या आत. बांगलात 'तो आला, ती आली' ही भानगडच नाही, आणि पाणीसुद्धा खातात. त्यामुळे ही एवढीशी असताना माझी ओढणी ओढून म्हणायची, "आई, मला पाणी खायचा." मी म्हणायची, "पाणी खात नाहीत, पितात. आणि खायचा नाही, प्यायचं." तोवर तिची तहान पळालेली असायची.

मी सुधारत राहिले. ती धावत येऊन काहीतरी सांगायला लागली, की काय झालं हे बाजूलाच, मला आधी 'तो' की 'ती' हेच ऐकू यायचं. मग एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिचं गाणं होतं. परकर-पोलक्यात, हातात माइक घेऊन ती म्हणाली, "आता माझी गाणं ऐका." आणि पहिल्या रांगेतून मी ओरडले, "माझं गं, माझं!" सगळा हॉल हसला. मायेनेच हसला, कारण इथल्या प्रत्येक मराठी घरात हीच रड आहे. तिने गाणं म्हटलं, खाली उतरली, आणि टॅक्सीत बसल्यावर बाहेर बघत इंग्रजीत म्हणाली, की तिचं डोकं दुखतंय. त्यानंतर घरात इंग्रजीच. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही तुटक. शेजारच्या काकीमांकडे मात्र तासन् तास बांगलात हसणं-खिदळणं चालायचं, आणि मी इकडे आमटी ढवळत ते ऐकत उभी. दोन वर्षं अशी गेली. पोर घरात होती, पण माझ्या हातातून निसटून चालली होती, आणि मला काही सुचत नव्हतं.

अशा वेळी मला तुझा राग यायचा. कारण हे मी कुठं शिकले ते मला पक्कं ठाऊक आहे. मिरजेचं आपलं स्वयंपाकघर. तू पोळ्या लाटते आहेस आणि मी दिवाळीची आख्खी सुट्टी घालवून भरलेला टेबलक्लॉथ घेऊन दारात उभी आहे. जांभळी फुलं, हिरवी पानं. मला वाटतंय, आता आई म्हणेल, वा गं! तू पिठाचे हात पुसतेस, कापड घेतेस आणि आधी उलटं करतेस. पुढची बाजू तुला कधी बघायचीच नसायची. मागे दोऱ्यांचा नुसता गुंता. "हे काय? उसव," म्हणालीस आणि तव्याकडे वळलीस. मी न्हाणीघराचं दार लावून रडले. पण खोटं का बोलू, दुपारी तूच माझ्याजवळ येऊन बसलीस आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून उसवून दिलास, कापडाला कुठंही भोक न पाडता. तुझा हात फार हलका होता. लग्नात तू मला तुझी भरतकामाची कात्री दिलीस, ती अजून आहे. मी मात्र त्या दिवाळीनंतर सुई हातात धरली नाही.

तर झालं असं, की बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. इथं दरवर्षी येते, पण यंदा बरोबर सोफ्याच्या वर, येणाऱ्याची नजर पहिली जाईल तिथं. मी म्हटलं, काहीतरी टांगायला हवं. लेकीने मोबाइलमधून मान वर न करता इंग्रजीत सुचवलं, मॅक्रमे कर, सोपं असतं. तुला आठवेल, मिरजेत एके काळी घरोघरी मॅक्रमेचे झोपाळे आले होते, चकचकीत नायलॉनचे, आणि तू नाक मुरडायचीस. आता पांढऱ्या सुती दोरीचं करतात. मला त्याची काडीची हौस नव्हती. पण ती आपणहून एक आख्खं वाक्य बोलली होती, ते मी सोडते होय? लगेच सियालदहला जाऊन दोरीचं बंडल आणलं, जुन्या पडद्याची दांडी कापून घेतली आणि रविवारी दुपारी तिच्यापुढे बसले. म्हटलं, शिकव.

दांडी खिडकीच्या गजांना बांधली. दोरी मधोमध दुमडून दांडीवर टाकायची आणि फासातून दोन्ही टोकं ओढून घ्यायची, एवढं मला जमलं आणि मी लगेच शेफारले. मग चौकोनी गाठ. चार दोऱ्या घ्यायच्या, मधल्या दोन ताठ ठेवायच्या आणि कडेच्या दोन त्यांच्याभोवती बांधायच्या, एकदा डावीकडून सुरुवात, एकदा उजवीकडून. हे आता सांगतेय. तेव्हा ती मला व्हिडिओतलं इंग्रजी म्हणून दाखवत होती, लेफ्ट ओव्हर, राइट अंडर, आणि माझ्या सगळं डोक्यावरून जात होतं. मी आपली दरवेळी डावीकडूनच सुरू करत होते, त्यामुळे पट्टी सपाट व्हायची सोडून स्वतःभोवतीच पिळत चालली होती. वर त्या मधल्या दोऱ्या ताठ राहतील तर शपथ! हात दोनच. शेवटी वैतागून मी त्या दातात धरल्या आणि मान मागे ताणली.

ती हसली. हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं आई, आता उजवा दोरी घे ना! मघाशी डावा घेतला होतास."

उजवी! उजवी दोरी! अगदी घशापर्यंत आलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर सगळं सैल पडलं असतं. मी नुसतं "हं" केलं. ती जवळ सरकली. "मधला दोन हलवू नको. आता गाठ वरती ढकल. तो सैल राहिला तर सगळा वाकडा होतो." कप्पाळ माझं, गाठ आणि तो! "हं," मी म्हटलं. आणि ती बोलत राहिली. गाठीवरून शाळेवर गेली, शाळेवरून मैत्रिणीवर, मैत्रिणीशी झालेल्या भांडणावर. भांडण झालंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दोरी भिजून चिंब झाली, जबडा दुखायला लागला, पण ती सोडायची माझी हिंमत होईना. मग माझ्या हातातला गुंता सोडवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्याशी मराठी बोलायला मला भीती लागतो."

मी दोरी तोंडातून काढली. सवय कुठं जाते, आधी डोक्यात तेच आलं: भीती लागत नाही, वाटते. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते. आणि तिथंच मी थांबले. ठेच लागते. पोरीला लागलं होतं, आणि तिने ते अगदी बरोबर सांगितलं होतं.

"खूप लागलं का गं?" मी विचारलं.

"आधी खूप," ती म्हणाली. "आज नाही."

आई, माझा जीव भांड्यात पडला. मला रडू आलं, तर म्हणे, "आता उजवा धर, डावा झाला." मी उजवा धरला. संध्याकाळपर्यंत आम्ही बांधत होतो. खालच्या झालरीवरून माझा केसांचा कंगवा फिरवला, टोकं कापली आणि ते भिंतीवर लावलं. थोडं तिरकं आहे, आणि ओल एका बाजूने दिसतेच. दिसू दे. काल ती शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "आई, भूक लागला!" मी पोहे केले, आणि तिने खाता खाता मला शाळेतलं सगळं सांगितलं.

हे पत्र तुला मिळणार नाही, ते बरंच आहे. मिळालं असतं तर तू आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ बघितले असतेस. पण एक सांगायचं राहिलंय, ते सांगून टाकते. त्या दुपारी तू सोफ्यावर बसलेली असतीस, तर पहिल्याच शब्दाला तिला टोकलं असतंस. मी तुला अडवलं नसतं, तुझ्यापुढे बोलायची माझी कधी छातीच झाली नाही. आणि ती पुन्हा गप्प झाली असती. माझ्या डोहाळजेवणाला तू हवी होतीस, ती झाली तेव्हा हवी होतीस, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मला तू हवी असतेस. पण त्या दुपारी, आई, तू नव्हतीस याचं मला बरं वाटलं.