किबिट्झर म्हणजे टिटवी

प्रिय वैभवी,

सुशीलचं घर सोडून तू पुण्याला गेलीस त्याला पाच महिने झाले. परत जायचं की नाही, हे अजून तुझं ठरलेलं नाही. आईचं जेवणात लक्ष नसतं. मी आपला रोज संध्याकाळी बागेत बुद्धिबळ बघायला जातो. कळमेश्वरची नोकरी संपल्यापासून तेवढंच काम उरलंय.

तिथे संघपाल आणि धोंडबा खेळतात. संघपाल कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. मला खेळण्यापेक्षा मागे उभं राहून सांगण्यात जास्त रस, हे तुला ठाऊकच आहे. परवा धोंडबाचा घोडा मरत होता, मी सांगून मोकळा झालो. संघपाल भडकला. तुले कोनं विचारलं गा, किबिट्झर आहेस तू, म्हणाला. आमच्याकडे नियम असा, की बोलणाऱ्याने डाव संपेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसायचं. बसलो. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मोबाइलवर तो शब्द शोधला.

कीबिट्झ हे जर्मन भाषेत टिटवीच्या जातीच्या पक्ष्याचं नाव. त्याच्या ओरडण्यावरूनच पडलेलं, आपल्या टिटवीसारखं. पत्ते नाहीतर बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहून न विचारता सल्ले देणाऱ्याला तिकडचे लोक तेच म्हणू लागले. पुढे ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून शब्द इंग्रजीत आला. नरखेडला मामाच्या संत्र्याच्या बागेत टिटवी तू पाहिली आहेस. आपण वाटेने सरळ चाललेले असतो आणि ही उगाच डोक्यावर ओरडत फिरते. संघपालने शब्द चोख वापरला होता, राग येण्यासारखं काही नव्हतं.

रस्त्याकडे तोंड करून बसलो तेव्हा तुझा बघण्याचा कार्यक्रम आठवला. तू विचार करायला आठ दिवस मागितले होतेस. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत मी आमचा होकार समजा म्हणून सांगून टाकलं. तू आत निघून गेलीस. मला वाटलं, लाजलीस.

गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, बाबा, मी काय करू? मी काही न बोलता फोन ठेवला. तुला वाटलं असेल, रागावलो. तसं नाही, मला स्वतःचीच भीती वाटली. एवढं सांगायलाच हे पत्र लिहितोय. काल सुशील आला होता. तुला परत पाठवीन असा शब्द माझ्याकडून हवा होता त्याला. मी म्हटलं, तिला विचारा. तो चहा न घेताच गेला. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत मी एवढंच म्हणायला हवं होतं, पोरी, आणि ते मी म्हटलं नाही.

तू ठरवशील त्यात तुझाच,
बाबा