हीटर गॅसवर, पंखा बॅटरीवर

२८ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा थंड! दात वाजायला लागले म्हणून जाग आली. गॅसची टाकी हलवून पाहिली, चांगली जड आहे. मग हीटर बंद का?

वाइनो पलंगावरूनच, “अगं, बॅटरी उतरली असेल.”

म्हटलं, हीटर गॅसवर चालतो ना?

“हीटर गॅसवर. त्याचा पंखा बॅटरीवर.”

आणि बॅटरी?

“ती जनरेटरवर. जनरेटर पेट्रोलवर. आणि पेट्रोल तुझ्यावर, लेम्पी!” स्वतःच्याच विनोदावर हसला आणि लगेच कंबर धरून ओरडला. बरं झालं.

इतकी वर्षं दर उन्हाळ्यात हा कॅम्पर गाडीमागे जोडून तळ्यावर नेला. छप्पर वर करायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, कापड ताणायचं — सगळं वाइनो करायचा. मी कॉफी ठेवायची आणि खुर्चीत बसायचं. आता घराचं स्वयंपाकघर जळालं, तारा जळाल्या, कंपनीनं वीज तोडली. आणि आम्ही दोघं म्हातारे नवरा-बायको अंगणात, ह्या कापडी डब्यात. सुतार म्हणतो, हरणांची शिकार आटपली की बघू. नोव्हेंबरात ह्या गावात कोणी खिळासुद्धा ठोकणार नाही. त्यात वाइनोची कंबर धरली! म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.

मार्लीन ग्रीन बेहून रोज निरोप पाठवते — आमच्याकडे या. हा म्हणतो, “मुलीला सांग, मला न्यायचं तर कॅम्परसकट ओढून ने.”

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दाराजवळचा तो पांढरा अलार्म रात्रभर किरकिरत होता. टीं... मग गप्प. डोळा लागला की पुन्हा टीं! शेजारच्या आर्मंडला विचारलं. म्हणाला, “गॅसचा असतो तो. पण बॅटरी उतरली तरी असाच रडतो. माझ्या ट्रेलरमधला मी कधीच काढून टाकला.” आमची बॅटरी तर रोजच उतरते! वर हा मेला त्याच बॅटरीवर जगतो. वायर ओढून काढली, टॉवेलात गुंडाळून अंगणापलीकडच्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, लाकडाच्या पेटीत ठेवला. तिथे रड म्हणावं.

गॅस म्हणजे टाकीतला गॅस असणार. टाकी तर बाहेर आहे. मग आत कशाला हवा अलार्म? असो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज खूप काम झालं. कंबर माझीही जाणार.

वाइनोनं जनरेटर लाकडाच्या शेडमागे ठेवलेला, लांब वायर टाकून. त्या बर्फातून पेट्रोलचा डबा घेऊन जायचं म्हणजे मरण! काल घसरून पडलेच. त्यात सकाळी आर्मंड आला. टोपी हातात, चेहरा असा की घरात कोणी गेलंय. “लेम्पी, राग मानू नकोस. पण पंधरा तारखेला शिकार सुरू होते. तुमच्या ह्या फटफटीनं माझ्या रानातली हरणं कॅनडात पळतील.” मी म्हटलं, मग आम्ही गारठून मरू का? तर म्हणाला, “तसं नाही गं. पण आवाजाचं काहीतरी बघ.”

बघितलं! जनरेटर ढकलत कॅम्परला लावला, वाइनोच्या पलंगाच्या टोकाशी. तिथे वारा लागत नाही. आणि बाकी तिन्ही बाजूंनी बर्फाची भिंत रचली, छातीएवढी. आई दर हिवाळ्यात घराच्या पायाला असाच बर्फ थापायची. ऊब राहते, आवाज दबतो. फावड्यानं थापून थापून गुळगुळीत केली. आर्मंड आपल्या कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता, त्यानं अंगठा वर केला!

वाइनोनं आतून विचारलं, “कुठे ठेवलास गं?” म्हटलं, पडून रहा. मला जमतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर जनरेटर चालू, रात्रभर हीटर चालू. ऊब! दगडासारखी झोपले. डोकं जरा जड आहे, जास्त झोपले म्हणून असेल.

२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वाइनोनं मला आयनो म्हणून हाक मारली. आयनो त्याची बहीण. ती जाऊन किती वर्षं झाली! मी म्हटलं, अरे, मी लेम्पी. म्हणाला, “माहीत आहे मला.” आणि मग विचारलं, “आयनो आली का?”

कॉफी दिली. त्याला मळमळत होतं.

दुपारी कंबर जरा बरी म्हणून तोच सौना पेटवायला गेला. चुलीपाशी लाकडं सारत संध्याकाळपर्यंत तिथेच. मग दोघं वाफ घेत बसलो. आणि काय सांगू — अगदी पहिल्यासारखा! आर्मंडच्या बापानं गाय विकत घेताना कसं फसवलं, तिचं शिंग कोणतं मोडकं होतं, सगळं सांगितलं. मी हसून हसून बाकावरून पडायचीच बाकी राहिले. सकाळचा तो कोण होता मग?

४ नोव्हेंबर, सोमवार

वाइनो दिवसभर पलंगावर पडून आहे. कंबरेचं दुखणं आता सांगतही नाही, नुसता छताकडे बघतो. बूट उलटे घातले. सूप प्यायला आणि अर्ध्या तासानं म्हणाला, “आज जेवायला देणार आहेस की नाही?”

जनरेटर दिवसाही चालू ठेवलाय. त्याला थंडी वाजायला नको.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आर्मंडच्या घरून मार्लीनला फोन केला. वाइनोलाही दिला. ती म्हणाली, “बाबा, टॉडला परवा बक्षीस मिळालं.” ह्यानं विचारलं, “टॉड कोण?” तिचा मुलगा! ह्याचा एकुलता एक नातू! मी रिसीव्हर ओढून घेतला. पलीकडून रडण्याचा आवाज. “आई, मला खरं सांग, हे केव्हापासून चाललंय?” गेल्या आठवड्यापासून? की आधीपासून होतं आणि मी लक्ष दिलं नाही?

शनिवारी येतेय. तिकडे एक वृद्धाश्रम आहे, चांगला, स्वच्छ, नर्स असतात. रविवारी बाबांना नेऊन दाखवते म्हणाली. “आई, तू एकटी कुठवर करशील?”

मी हो म्हटलं. मी हो का म्हटलं?

६ नोव्हेंबर, बुधवार

डोकं भणभणतंय. काळजीनं असेल. वाइनोला सूप दिलं. पेट्रोल भरलं. भिंत जरा ढासळली होती, पुन्हा थापली, उंच केली. मार्लीन शनिवारी येतेय. वाइनोला सूप दिलं.

हे आत्ताच लिहिलं की काय? कपाळ माझं! त्याच्याबरोबर मीही चालले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

त्याला अजून सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मार्लीन आली. कॅम्परमध्ये शिरली आणि कोट न काढताच बापाजवळ बसली. डॉक्टरांनी तिला प्रश्न सांगून ठेवलेत. “बाबा, आज वार कोणता?” तो म्हणाला, “सौनाचा.” आम्ही दोघी हसलो — शनिवार म्हणजे सौना, चूक कुठे आहे! पण मग महिना सांगता येईना. नातवाचं नाव सांगता येईना. मार्लीन बाहेर जाऊन गाडीला टेकून उभी राहिली. मी गेले नाही. मला ते रडणं बघवलं नसतं.

सौना मार्लीननं पेटवला. वाइनो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला, सगळ्यांच्या शेवटी निघाला. बाहेर आला तेव्हा डोळे स्वच्छ. मला बाजूला घेऊन म्हणाला, “पोरगी मला कुठेतरी नेणार आहे ना, लेम्पी? मी वेडा झालो असेन, पण बहिरा नाही.”

मी त्याचा हात धरला. चाळीस वर्षांत रडले नसेन एवढी रडले. तो म्हणाला, “जातो मी. भांडत नाही. पण आजची रात्र मला सौनाच्या खोलीत झोपू दे, त्या बाकावर. तिथे माझं डोकं चालतं.”

तिथे डोकं चालतं म्हणजे काय? मला काही कळत नाही.

मार्लीन त्याच्या पलंगावर झोपतेय. फार गारठलंय आज, कापडाच्या सगळ्या चेन लावून घेतल्या, फटी पांघरुणांनी बुजवल्या. जनरेटर भरलाय. पोरीला थंडी वाजता कामा नये.

११ नोव्हेंबर, सोमवार

इस्पितळातून. डोकं ताळ्यावर आहे म्हणून लिहिते.

काल सकाळी वाइनो सौनातून आला तेव्हा मी जमिनीवर पडले होते. मार्लीन पलंगावर नुसती बसलेली. त्यानं चिडवायला विचारलं, “काय गं डॉक्टरीणबाई, आज वार कोणता? तुझ्या मुलाचं नाव काय?” तिला सांगता येईना! बाहेरच्या हवेतून आलेला, त्याला लगेच पेट्रोलच्या धुराचा वास लागला. मग त्या धरलेल्या कंबरेनं आम्हा दोघींना ओढत बाहेर बर्फात आणलं, जनरेटर बंद केला, आर्मंडच्या नावानं बोंब ठोकली.

डॉक्टर म्हणाले, जनरेटरचा धूर. बाहेर जायला वाट नाही, म्हणून कापडाखालून आत साचायचा. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, तो आधी डोकं फिरवतो, मग माणूस झोपेतच जातो. तो अलार्म ह्याच्यासाठीच होता. आणखी एक तास, म्हणाले, आणि दोघीही वाचला नसतात.

मार्लीन वाचली. दुपारी तिनं आपणहून टॉडचं नाव घेतलं. वाइनो तिच्या उशाशी बसून नर्सला विचारतोय, “त्या वृद्धाश्रमातली खोली अजून रिकामी असेल का? ह्या दोघींना ठेवतो.” सगळे हसले.

मी हसले नाही. त्याच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. ती भिंत मी बांधली होती.