मनगटाचा आकडा

मोर्शी, ता. १४ नोव्हेंबर २०२५

चि. पौर्णिमाले आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोन असून चिठ्ठी काहून, म्हणशील. फोनवर बोलली का तुहे आबा कान देऊन आयकतेत. लकव्यानं जीभ जड झाली, कान नाई झाले! म्हणून वामनराव शनिवारी रोपं घेऊन अकोल्याले येतेत, त्यायच्या हाती धाडून राहिली. अक्षरं वाकडी हायेत, हासू नको, तूच शिकवली.

तू देल्लं मशीन नवलाचं हाये व पोरी. डब्याएवढं, पण मास्तरासारखं हट्टी. आबाचा उजवा हात पट्ट्यात बांधला, मूठ धरवली, का मनगट पालथं-उताणं करते, आन हात सोताच्या जोरानं किती फिरला त्याचा आकडा काचेवर दाखवते. पैल्या दिशी दोन होता. आज छत्तीस! शेजारच्या माणिकबाईले बलावून दाखवला. म्हणे कशी, आमच्या घरच्याचे दोनी हात चांगले असून कामाले फिरत नाईत, त्यायले बांधू का?

गोवर्धन नर्सरीवाला येऊन गेला. पुस महिन्यात संत्र्याच्या कलमायले डोळे बांधाले या, म्हणे, तुमची जागा कोनाले देत नाई. चाकू मनगटातूनच फिरवा लागते, तुले का सांगू. त्या दिशी आबा दोन भाकरी जेवले.

आकड्याचं पान संग धाडलं. माह्या मनगटाले ठणका हाये, लेप असन तं दे.

आठवण काढत जाय, आन वेळेवर जेवत जाय.

तुही आजी,
मैनाबाई


अकोला, ता. ३ डिसेंबर २०२५

ती. आजीस पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं छत्तीसचं पान मी आमच्या दवाखान्यात सगळ्यांना दाखवलं. लकव्याचे पेशंट बघणारी मी, पण इतक्या लवकर इतका फरक पाहिला नव्हता. मग रविवारी तुमच्याकडे आले. आबांच्या उजव्या हातात पाण्याचा गडू दिला. तळवा वर झालाच नाही. पाणी सांडलं आणि आबा भिंतीकडे बघत बसले. वहीत त्या दिवसाचा आकडा एक्केचाळीस आहे.

आबा शेजारी होते म्हणून तेव्हा विचारलं नाही. आजी, ते मशीन हात जेवढा कमी पडतो तेवढीच मदत करतं. मी तपासलं, तर त्याने मदत जवळजवळ बंद केली आहे. त्याला वाटतं हात सुधारला. काय झालंय ते खरं सांग, पाया पडते. मशीन दवाखान्याचं आहे, ३१ तारखेला ते दुसऱ्या पेशंट इंदूबाईंकडे जाणार, त्यांचा उजवा हात तसाच लुळा पडलाय, मी थांबवू शकत नाही. आणि हे पहिले महिने गेले की हात मागून तेवढा येत नाही.

मी रागावणार नाही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
पौर्णिमा


मोर्शी, ता. ५ डिसेंबर २०२५

चि. पौर्णिमाले आजीचे आशीर्वाद. घेशील तं.

तिसऱ्या दिशीही आकडा दोनावून हालला नाई. आबा म्हणे, हा हात काप आन उकिरड्यावर फेक. ताट सरकवलं. सांजीलेही जेवले नाईत. मंग मी, मशीन सरकते, म्हणून धरून बसाले लागली, आन पदराखालून त्यायच्या मुठीले जोर देल्ला. थोडाच. आकडा सात झाला. आबा हासले व पोरी! लकव्यापासून पैल्यांदा हासले.

मंग साताच्या खाली येऊ देववेना. मशीन रोज जड होत गेलं, मी रोज जास्त रेटलं. त्यायची नजर काचेवर, आन हाताले माहा हात समजतच नाई. पंचेचाळीस वर्साचा संसार, मी रोज अर्धा घंटा हात धरून बसते, आन त्यायले मालूमच नाई. हे रडू कोनापाशी रडू?

छत्तीस माहे होते. एक्केचाळीसही माहेच. तू शिकवल्या अक्षरानं मी खोटं लिवलं.

आता सांगीन तं जेवन बंद, नाई सांगीन तं हात बंद. का करू मी?

टाकू नको मले.

मैनाबाई


अकोला, ता. ८ डिसेंबर २०२५

ती. आजीस सा. न.

रागावणार नाही म्हटलं होतं. रागावले. तुझी चिठ्ठी एसटी स्टँडवर वाचली आणि तिथेच बाकावर बसून रडले. महिना गेला, आजी.

मशीनच्या मागचा लाल खटका दहा अंक मोजेपर्यंत दाबून धर, ते पुन्हा पहिल्यासारखी पूर्ण मदत करेल. पण तू हात काढलास की आकडाही दोनावर येईल आणि आबा विचारतील. ते तुलाच सांगावं लागेल. आबांना सांगायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

तेवीस दिवस उरलेत. तुझ्यावरचा माझा जीव काही कमी झाला नाही, एवढं धरून चाल.

पौर्णिमा


मोर्शी, ता. २६ डिसेंबर २०२५

चि. पौर्णिमाले आजीचे खूप खूप आशीर्वाद.

सांगितलं. आबा दोन दिवस जेवले नाईत. मीही नाई जेवली. माणिकबाई भाजी घेऊन आली, तशीच परत गेली. तिसऱ्या दिशी जड जिभेनं म्हणतेत, मैना, कलम वाढलं दिसावं म्हणून कोनी डोळा चिमटीत धरून वर ओढते का? मंग वही मांगली. माहे सारे आकडे माह्याच हातानं खोडाले लावले.

आता मशीन चालू झालं का मी दोनी हात मांडीखाली घेऊन बसते. हातावर बसते म्हण ना! लई कठीण हाये व ते. पान धाडून राहिली: दोन, दोन, तीन, दोन, तीन. काल चार. चार, पौर्णिमा! हे चार त्यायचे हायेत. मी माणिकबाईले पुन्हा बलावलं.

पुस लागला. गोवर्धन आला तं आबानंच सांगितलं, यंदा माही जागा दुसऱ्याले दे. तो गेल्यावर तोंडावर टॉवेल घेऊन निजले. तू ३१ ले येशील तं मशीन पुसून ठेवते. इंदूबाईच्या घरच्यायले सांगजो, हात लावू नका.

आज सकाळी आबानं डोळे बांधाचा चाकू काढला आन उजव्या हातात ठेवला. पडला. मी हातावरच बसून राहिली. त्यायनं वाकून डाव्यानं उचलला आन पुन्हा उजव्यातच ठेवला.

ये लवकर, वाट पाह्यते.

तुही आजी,
मैनाबाई