म्हसोबावरची सावली

मंगळवार, इंदापूर

जीव थाऱ्यावर नाही. धरणाच्या विजेला जोड म्हणून पाण्यावर सौर पॅनेल तरंगणार आहेत, त्याचा मी केलेला नकाशा आज सासऱ्यांना, आबांना दाखवला. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की म्हसोबाचा दगड उघडा पडतो, आबा होडीतून जाऊन नारळ फोडतात. पॅनेलची एक रांग नेमकी त्या दगडावर येते.

वाटलं, भडकतील. तर म्हणाले, “तू तुझं काम बघ, सूनबाई. म्हसोबाला तेवढीच सावली व्हईल.”

ते भांडले असते तर बरं झालं असतं. रांग सरकवायची तर साहेबांना कारण काय सांगू? दगड?

जेवताना आबांनी हळूच विचारलं, “काठावरनंच नारळ सोडला पाण्यात, तर चालंल का गं त्याला?”

नकाशा पुन्हा उघडून बसले आहे.