आमची काही हरकत नाही

आई, तू गेलीस तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आता ती टेक्सासमधल्याच एका सरकारी शाळेत पाचवीला शिकवते. ज्या राज्यातून सुटले म्हणून मी एकदाचं हुश्श केलं होतं, तिथेच ही बया आपणहून नोकरी शोधत गेली. तुला ऐकून बरं वाटलं असतं, कारण तुला तिथलं आपलं गाव आवडायचं. मला आवडत नव्हतं, आणि का ते तुला पक्कं ठाऊक होतं. पण आपण दोघींनी त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं, आणि त्या वेळी मी इतकं लागेल असं बोलले की पुन्हा विषय काढायची सोयच उरली नाही. आज तो काढते आहे, कारण मुलीच्या शाळेत एक भानगड उभी राहिली आहे आणि तिच्यात तुझं नाव घेतलं जातंय. ते सांगतेच, पण आधी मागचं सांगायला हवं.

बाबांचं ऑफिस टेक्सासमधल्या प्लेनो शहरात आणि आपण त्याच्याही पलीकडच्या एका लहान गावात, का तर तिथे घर परवडलं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सबंध गावात साडी नेसणारी तू एकटी. बाबा सकाळी गाडी घेऊन गेले की तू घरात अडकून पडायचीस, आणि तुझी सुटका केली ती शेजारच्या बाईंनी. त्या ज्यू होत्या. गावात त्यांचं तेवढं एकच घर ज्यू होतं, जसं आपलं एकच हिंदू. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, माझी मैत्रीण. तू मला सांगितलंस, त्यांना नावानं हाक मारायची नाही, मावशी म्हणायचं; आणि त्या बिचाऱ्या 'मॉशी' म्हटल्यावरही ओ द्यायला शिकल्या. रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असायचं. रस्ते ओस, किराणा दुकानाचं पार्किंग रिकामं. तिथे मावशींनी तुला ड्रायव्हिंग शिकवलं. मागच्या सीटवर मी आणि माझी मैत्रीण, पुढे तुम्ही दोघी. तू आधी स्टीअरिंगला हात लावून नमस्कार करतेस, मग किल्ली फिरवतेस, आणि गाडी आचका देऊन बंद पडते. मावशी इतक्या हसतात की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागतात. तुला अमेरिकेत एवढं मोकळं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

शाळा मात्र सोमवारी सकाळी सुरू व्हायची. भिंतीवरच्या स्पीकरमधून हेडमास्तरांचा आवाज यायचा, आधी झेंड्याची शपथ, मग प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या शेवटी येशूचं नाव. जेवायच्या सुट्टीत पुन्हा. मी तुला विचारलं होतं, मी काय करू? तू पोळ्या लाटत होतीस. मान वरही न करता म्हणालीस, "म्हण की! तोंड काय झिजतंय? मनात आपला गणपती म्हण, झालं." मला ते फार हुशारीचं वाटलं. मी मान खाली घालायचे, ओठ हलवायचे आणि आतून गणपती चालू ठेवायचे. माझ्या मैत्रिणीला तसं जमत नव्हतं, किंवा तिच्या घरी तसं शिकवलेलं नव्हतं. ती म्हणाली, मी म्हणणार नाही. मग वर्गाच्या बाईंनी तिला प्रार्थना होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभं करायला सुरुवात केली. शिक्षा नाही म्हणे, तिच्या सोयीसाठी. पण वर्गातल्या मुलांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. तू नरकात जाणार, असं मुलं तिला तोंडावर सांगायची. एकदा कुणीतरी तिच्या केसांत च्युइंगम चिकटवलं आणि मावशींना तिचे केस कानापर्यंत कापावे लागले. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू डब्यात चार बेसनाचे लाडू घातलेस आणि शेजारी देऊन ये म्हणालीस.

मावशींनी शाळेकडे तक्रार केली. सरकारी शाळेनं मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणं कायद्यात बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. स्कूल बोर्डाची मीटिंग ठरली. त्या आपल्या स्वयंपाकघरात आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला काही बोलावं लागणार नाही. नुसती माझ्या शेजारी बस. प्लीज." तू लगेच म्हणालीस, "येस येस, आय विल कम." दोन दिवसांनी हेडमास्तर आले. न सांगता दारात बूट काढले त्यांनी, आणि तू तिथेच विरघळलीस. चहा झाला, चिवडा झाला. त्यांनी विचारलं, प्रार्थनेचा तुम्हाला काही त्रास होतो का? "नो नो सर, आमची काही हरकत नाही," असं इंग्रजीत सांगून तू वर म्हणालीस की आमच्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणतात, देव शेवटी एकच. त्यांचा चेहरा असा फुलला! हे तुम्ही मीटिंगला येऊन सांगाल का, असं त्यांनी विचारलं. त्यालाही तू येस येस म्हणालीस. आई, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे मला समजतं. पण दोघांनाही हो? ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "अगं, तू शेजारणीला पण येते म्हणालीस ना?" तर तू कपबश्या उचलत म्हणालीस, "हेडमास्तर घरी चालत आले, त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि आपण पाहुणे आहोत इथे. पाहुण्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये."

मीटिंग शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये आहे. घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या आहेत. मावशी मधल्या रांगेत बसल्या आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली आहे, तुझ्यासाठी. आपण आत शिरताच हेडमास्तर लगबगीनं येतात आणि आपल्याला पहिल्या रांगेत नेतात. तू त्या पर्सवरून पुढे जातेस. तुझी वेळ येते तेव्हा तू उभी राहतेस, पदर खांद्यावरून घेतेस, आणि स्पष्ट आवाजात म्हणतेस, "वुई आर हिंदू पीपल. माय डॉटर इज प्रेइंग हिअर एव्हरी डे. नो हार्म. ऑल गॉड्स आर सेम. व्हाय टू फाइट?" हॉल टाळ्यांनी दणाणला. मागून कुणीतरी 'आमेन' ओरडलं. आणि एक टोपीवाला माणूस उठून म्हणाला, इतक्या लांबून आलेल्या या बाईंना काही प्रॉब्लेम नाही, तर मग त्या बाईंना कसला प्रॉब्लेम आहे? सगळ्यांनी माना वळवून मावशींकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

प्रार्थना चालू राहिली. मावशींच्या टपालपेटीत कुणीतरी कचरा भरायला लागलं. तू शिरा करून घेऊन गेलीस. त्यांनी दारातच डबा घेतला आणि थँक यू म्हणाल्या. डबा कधी रिकामा परत करायचा नाही हे तूच त्यांना शिकवलं होतंस. त्या दर वेळी काही ना काही घालून द्यायच्या, दोन लिंबं, मूठभर अक्रोड, काहीच नसलं तर चहाची पुडी. या वेळी डबा सकाळी आपल्या पायरीवर होता, घासून, पुसून, रिकामा. तू झाकण उघडून आत पाहिलंस आणि परत लावलंस. उन्हाळ्यात ते लोक घर विकून दुसऱ्या राज्यात गेले. ट्रक निघाला तेव्हा तू खिडकीचा पडदा ओढून घेतलास. मला इतकी लाज वाटत होती की मैत्रिणीला टाटा करायलाही मी बाहेर गेले नाही. लाज तुझी वाटत होती, हे आता सांगून टाकते.

मग मी दूर उत्तरेला ॲन आर्बरला कॉलेजात गेले आणि अमेरिकन घटनेच्या तासाला कळलं की सर्वोच्च न्यायालयानं शाळेतल्या असल्या प्रार्थना मी जन्मायच्या आधीच बंद केल्या होत्या. म्हणजे आपल्या गावची शाळा उघड उघड कायदा मोडत होती, हेडमास्तरांना ते माहीत होतं, आणि त्यांनी आपल्या घरी चिवडा खाऊन तुला ढालीसारखं पुढे धरलं. त्या थंडीत तू माझ्याकडे आठवडाभर राहायला आलीस. माझ्या टीचभर स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होतीस आणि मी, ताजी ताजी शिकलेली, तुझ्यावर तुटून पडले. कायदा सांगितला, तारखा सांगितल्या. "यू सोल्ड हर आउट, आई. टाळ्यांसाठी. तुझी एकुलती एक मैत्रीण होती ती." तू थालीपीठाला बोटानं भोकं पाडत राहिलीस. म्हणालीस, "मी काय वाईट बोलले? देव एक आहे म्हणाले." मी म्हटलं, देवाचा प्रश्नच नव्हता, ती मुलगी व्हरांड्यात उभी होती हा प्रश्न होता. तेव्हा तू हात थांबवलास. "त्या पोरीच्या केसांत च्युइंगम घातलं होतं ना," तू म्हणालीस. "तुझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मला वाटलं, आपण चांगलं बोललो तर तुला कुणी हात लावणार नाही." आणि खरंच, आई, मला कुणी हात लावला नव्हता. मी वर्गात सगळ्यांची लाडकी झाले होते. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं, आणि दिसलं म्हणूनच मी जास्त चिडले. "आता कारणं सांगू नकोस," मी म्हणाले. तू गॅस बारीक केलास आणि थालीपीठ उलटलंस.

आता मुलीचं. तिच्या शाळेत प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा असं ठरलंय. बाकीच्यांनी लावला, हिनं लावला नाही. प्रिन्सिपलनी बोलावून समजावलं, मग लेखी दिलं, आणि उद्या तिला बोर्डापुढे जायचंय. नोकरी जाईल बहुतेक. काल मी इथे, टेक्सासपासून लांब बॉथेलला, ऑफिसातून घरी येत होते तेव्हा तिचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, अगं, एक कागद भिंतीला लावायचा, लाव आणि विसरून जा, तुझं काय जातंय? म्हणाली, "मम्मा, आय हॅव टू किड्स इन माय क्लास हू वोन्ट लुक ॲट इट. मी कसा लावू?" आणि मग म्हणाली, "आय ॲम नॉट स्केअर्ड. आजी डिड इट, राइट? साडी नेसून, सगळ्या गावासमोर. ॲट लीस्ट आय स्पीक द लँग्वेज."

कारण तिला ते तसंच माहीत आहे. लहानपणी झोपताना ती विचारायची, आजी कशी होती? लाडू आणि थालीपीठ सांगून संपलं की तिला आणखी हवं असायचं. मग एकदा मी तिला त्या मीटिंगची गोष्ट सांगितली. त्यात तू मावशींची पर्स उचलून त्या खुर्चीवर बसलीस. उभी राहून म्हणालीस, या पोरीला व्हरांड्यात उभं करू नका. हॉल गप्प झाला, एकानंही टाळी वाजवली नाही. तिला ती गोष्ट इतकी आवडली की पुन्हा पुन्हा सांगावी लागली, आणि दर वेळी मी तुझ्या तोंडी आणखी एखादं वाक्य घातलं. मी तुझ्यावर उपकार करतेय असं मला वाटायचं. खरं तर होतीस तशी तू मला घरात चालत नव्हतीस, म्हणून मी तुला बदलून टाकलं.

काल गाडीत खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. वाटलं, सांगावं, आजीनं असलं काही केलं नव्हतं, आजी घाबरली होती, मला वाचवत होती, मीही आत्ता तुला वाचवतेय, लाव तो तक्ता. पण पलीकडे तिचा आवाज इतका ठाम होता की माझा धीर झाला नाही. उद्या ती उभी राहील आणि कदाचित तुझं उदाहरण देईल. मी तिला काही सांगणार नाहीये, आई. तू जे केलंस त्याचं कारण मला कळतं, अगदी पोटातून कळतं. पण माझ्या मुलीला आजी म्हणून मला अजूनही तू नको आहेस, ती दुसरीच हवी आहे.