दलदलीतल्या चांदीसोन्याची वाटणी

लिहून ठेवते मी, सम्ली वोंगनाम, वय चौपन्न, राहणार ता-पाय कालव्याची शेवटची गल्ली, थोनबुरी बाजू, बँकॉक. गल्लीत मला पा सम्ली म्हणतात, म्हणजे मोठी मावशी. वयामुळे म्हणतात, मायेने नव्हे. धंदा, नारळ-गुळाचा खाऊ निपाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजून विकणे. शिक्षण चौथी, तीही दोनदा.

हे मी कुणाच्या धाकाने, दारूच्या नशेत किंवा लाडीगोडीला भुलून लिहीत नाही. उलट लाडीगोडी करणाऱ्यांना वैतागून लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. पोटात मात्र गाठ आहे, ती बुधवारी कापणार. डॉक्टरीण म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही, पण कागदपत्रं करून ठेवा." या दोन वाक्यांतलं मी दुसरं खरं धरलं.

नमुना म्हणून शेजारच्या लुंग चुआच्या, म्हणजे चुआकाकाच्या, भावाचं मृत्युपत्र समोर ठेवलं आहे. तो गेल्यावर त्याची पोरं आजतागायत भांडताहेत. म्हणून त्यात जे आहे त्याच्या उलट लिहिते.

कलम १. घर.
मृत्युपत्रात 'स्थावर आणि जंगम' असं लिहावं लागतं म्हणे. हलत नाही ते स्थावर, हलतं ते जंगम. माझं घर लाकडी खांबांवर आहे आणि मोठी भरती आली की हलतं. ते दोन्हीत धरावं. घर माझी मुलगी कनोकवान ऊर्फ कुंग हिला. ती सध्या अकराव्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहते. त्या इमारतीचं नाव 'काजव्यांचं बन', कारण तिथे पूर्वी काजव्यांचं बन होतं. आमच्या शहरात ज्याला पुरतात त्याचं नाव पाटीवर सोनेरी अक्षरात लिहितात, एवढा मान मात्र ठेवतात.

कलम २. जमीन.
ही आईकडून आली, माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर, अर्धी अर्धी. गल्लीकडे उंच कोरडी पट्टी, त्यावर नारळ. मागे दलदल. दलदलीत निपा, म्हणजे चिखलातला बुटका ताड, मग चिप्पीची, म्हणजे खारफुटीची झाडं, मग पाणी.

मला निसर्गाचं प्रेम वगैरे नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर मेल्यावर कुणी माझा फोटो झाडाला टांगेल. डास मला चावतात. घोंगल्याफोडे पक्षी गोगलगायी खाऊन माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नेम धरतात. पण माझ्या धंद्याचं पान त्या चिखलात उगवतं, आणि कालवा फुगला की पाणी त्या चिखलात जातं, माझ्या चुलीत येत नाही. पलीकडच्या काठावरची दलदल भरून इमारत उठवली, तेव्हापासून पावसाळ्यात तिच्या तळघरात मोटारी पोहतात.

ही जागा सरकारी भाषेत 'रान माजलेली रिकामी जागा' आहे. रिकाम्या जागेला कर जास्त. करखात्याचा माणूस आला तेव्हा मी त्याला निपा दाखवली.

"पा, ही आपोआप उगवते. शेती म्हणजे लावावी लागते."

"मग करू काय?"

"हे सगळं तोडा आणि केळी लावा. कर एकदम खाली येईल."

"म्हणजे झाडं तोडली की मी शेतकरी?"

"तोडली की नाही हो, पा. केळी लावल्यावर."

खोटं वाटत असेल तर मेट्रोच्या स्टेशनाशेजारी जाऊन बघा. आमची दलदल विकत मागणाऱ्या कंपनीचीच जागा आहे ती. चारी बाजूंनी काचेचे मनोरे, मधे केळीच्या रांगा, दाराशी टोपीवाला राखणदार. मी एकदा घड मागितला. तो म्हणाला, "पा, ही केळी खायची नाहीत. ही कराची आहेत."

मी तोडलं नाही. जास्तीचा कर भरते आणि दर वर्षी पावती घेताना तोंड सोडते. माझ्या मागे कुंगने दोन्ही चालू ठेवावं.

ही जमीन मी कुणाकुणाला देत नाही, तेही नोंदवते. मठाला नाही, महंत भले आहेत, पण त्यांना यात्रेकरूंच्या बसगाड्या लावायला जागा हवी आहे. पालिकेला नाही, ते 'निसर्ग उद्यान' करतील, म्हणजे आधी निसर्ग काढतील आणि मग सिमेंटचा बगळा बसवतील. माझा अर्धा हिस्सा कुंगलाच. गल्लीकडच्या कोरड्या पट्टीवर तिने खुशाल बांधावं. उंच खांबांवर खोल्या काढाव्यात, भाड्याने द्याव्यात, माणसांनाही राहायला जागा लागते. मागच्या दलदलीत मातीची एक पाटीसुद्धा टाकायची नाही. पुढे माणूस, मागे पाणी. एवढा साधा आराखडा करायला मला रंगपेटी लागली नाही.

कलम ३. गमबूट.
माझे काळे रबरी गमबूट नगर आराखड्याच्या साहेबांना द्यावेत. त्यांच्या नकाशात आमची दलदल आधी हिरवी होती, मग पिवळी झाली, मग केशरी, म्हणजे उंच इमारत चालेल. दलदलीला कुणी कळवलं नाही. साहेब स्वतः तिथे कधी आले नाहीत, त्यांचे बूट चांगले असतात. माझे गमबूट डाव्या टाचेला गळतात, तेवढं त्यांनी सोसावं.

या साहेबांनी मठाच्या मंडपात सुनावणी ठेवली होती. पुढे जे झालं ते तिथूनच, म्हणून सविस्तर लिहिते. शर्टावर पान छापलेलं, हातात माइक. म्हणाले, "विकास आणि निसर्ग यांचा समतोल." समतोल म्हणजे खाली इमारत, वर गच्चीवर गवत.

"आणि पक्षी?" मी विचारलं.

"गच्चीवर येतील, पा."

"त्यांच्या गोगलगायी?"

मागून लुंग चुआ ओरडला, "लिफ्ट आहे की!" मंडप हसला, साहेब नाही हसले. त्यांनी मला पुढे बोलावून माइक दिला. "पा, त्या जागेत जतन करण्यासारखं नेमकं काय आहे, ते सांगा."

मी त्या जनावराचं नाव घेतलं. लांब शेपटीचं, दुभंगलेल्या जिभेचं, आमच्या चिखलात रांगणारं. घोरपडच ती, पण आमच्या बोलीत तिचं जे नाव आहे तीच आमची सगळ्यात घाण शिवी आहे. ते माइकमधून सगळ्या कालव्यावर गेलं. महंत खोकले. साहेबांचे कान लाल झाले.

"पा! सभ्य शब्द वापरा."

सभ्य शब्द आहे. घरात लहान मुलं असली की त्या जनावराला सगळेच 'चांदीसोन्याचं जनावर' म्हणतात. मी म्हटलं, "बरं. चांदीसोन्याचं जनावर. भरपूर आहे. दर वर्षी वाढतं."

साहेबांची लेखनिक मुलगी फारच चांगल्या घरची. सरकारी कागदात हेही बरं दिसत नाही असं वाटून तिने 'जनावर' गाळलं आणि लिहिलं: 'मालकिणीच्या सांगण्याप्रमाणे जागेत चांदीसोनं आहे, भरपूर, आणि दर वर्षी वाढतं.'

तो कागद फिरत फिरत जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या खात्यात पोचला. दोन माणसं आली, गल्लीतूनच दलदल बघितली आणि पाटी ठोकून गेली: 'तपासणी होईपर्यंत खोदकाम व भराव यांस मनाई.' तपासणी कधी? पैसे मंजूर झाले की. कंपनीची गाडी पाटीपर्यंत आली आणि मागे वळली. पक्ष्यांनी, पाण्याने आणि माझ्या आरडाओरड्याने जे झालं नाही, ते एका शिवीच्या सभ्य नावाने झालं.

मी चूक दुरुस्त करायला गेले होते, हे नोंदवून ठेवते. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मग खरा शब्द काय लिहू, पा?" मी सांगितला. त्याने खिडकी बंद केली.

कलम ४. तोई.
माझा सख्खा धाकटा भाऊ. मला 'पी' म्हणजे थोरली म्हणून हाक मारतो आणि मोठेपण तेवढ्यापुरतंच देतो. कंपनीसाठी लोकांच्या जमिनी गोळा करायचा त्याचा धंदा. टोकदार बूट घालून दलदलीत उभा राहतो आणि मला समजावतो. अर्धी जमीन त्याची होती. पाटी आज आहे, उद्या तपासणी झाली की निघेल. त्याने अर्धी विकली असती तर कंपनीने भराव टाकला असता, आणि उरलेल्या अर्ध्यातलं पाणी सरळ कुंगच्या उंबऱ्यात आलं असतं. या एका गोष्टीने माझी झोप उडवली होती. गाठ नंतरची.

पाटी लागली त्याच आठवड्यात तोई माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"पी, आईने मरताना तुला सांगितलं होतं ना, कुठे आहे ते?"

"काय?"

"चांदीसोनं."

"अरे, ते जनावर आहे. आत्ता तुझ्या मागून पिंपाखाली गेलं."

"लोकांना जनावर सांग. मला नको."

"शेपटी आहे त्याला, तोई."

तो गालात हसला. "चौथी शिकून आख्ख्या सरकारला फसवलंस. आणि मला म्हणतेस शेपटी."

"लहानपणी तूच दगड मारायचास ना त्याला? आता विसरलास?"

"पी, सरकार जनावरासाठी पाटी लावतं का कधी?"

हे मात्र बरोबर बोलला. खरंच लावत नाही.

मग त्यानेच सुचवलं. जमिनीचा त्याचा हिस्सा तो कुंगच्या नावावर करणार, आणि माझ्या मागे जागेतलं सगळं चांदीसोनं त्याचं. "शब्द दे, पी." मी पुन्हा सांगितलं की ते जनावर आहे, आणि मग शब्द दिला. जमिनीच्या कचेरीत मला मोटारसायकलवर तोच घेऊन गेला, सही त्यानेच केली, बाहेर आल्यावर बर्फाच्या कॉफीचा पेलाही त्यानेच पाजला. जन्मात पहिल्यांदा.

तेव्हा दिल्या शब्दाप्रमाणे, वरील जागेतील, पाण्यातील, झाडाच्या ढोलीतील व माझ्या पिंपाखालील सर्व चांदीसोनं, लहान-मोठं, अंड्यांसकट, तोई याला देते. गल्लीत या शब्दाचा जो अर्थ आहे तोच इथे धरावा. कच्चा कागद मी त्याला वाचायला दिला होता. 'अंड्यांसकट' वर बोट ठेवून तो म्हणाला, "सांकेतिक आहे. कळलं."

कुंग फोनवर म्हणाली, "आई, मामाला कधीतरी कळेल ना गं?"

"कळायला आधी विश्वास ठेवावा लागतो. तीनदा सांगितलं, अजून काय करू?"

मग ती म्हणाली, "हे कागद राहू देत. तू बुधवारनंतर घरी ये." येईन की. पण हे लिहून येईन.

कलम ५. किरकोळ.
भाजायची जाळी आणि पान कापायचा कोयता कुंगला. कुंग खाऊ करणार नाही हे मला माहीत आहे. तिने निदान कोयता गंजू देऊ नये. होडी लुंग चुआला द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे, आणि लुंग चुआला मृत्युपत्रावर सही करायची फार हौस. तेव्हा होडीही कुंगला. लुंग चुआ ती विचारल्याशिवाय वापरतोच, तसंच चालू द्यावं.

अंत्यविधीला महंतांचं प्रवचन आटोपशीर ठेवावं. राख आमच्या कालव्यात, ओहोटी लागल्यावर. प्रसादाच्या ताटात केळी ठेवू नयेत.

हे सगळं मी वाचून बघितलं, माझ्याच मनातलं आहे. पुसलेलं काही नाही, खोडलेलं पुष्कळ आहे.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. लुंग चुआ, शेजारी. होडी गेली तरी सही केली. (सही)
२. अम्पाई, निवृत्त शिक्षिका, ज्यांनी मला चौथीत नापास केलं. शुद्धलेखन त्यांनी तपासलं. कलम ३ मधली शिवी लिहू दिली नाही. (सही)

सम्ली वोंगनाम (सही)
ता-पाय कालवा, रविवार, बुद्धसंवत २५६७, पावसाळा.

ता. क. सोमवार सकाळ. सही झाल्यावर पुढे लिहायचं नसतं म्हणतात, पण हे राहायला नको. कंपनीची माणसं पहाटेच माती तपासायचं यंत्र घेऊन गुपचूप आली होती. मी चूल पेटवत होते. दारात पोचेपर्यंत तोई काठी घेऊन त्यांच्यासमोर उभा, टोकदार बूट चिखलात, आणि ओरडतोय, "इथे सुई टोचायची नाही! पाटी वाचता येत नाही?" आपल्याच कंपनीच्या माणसांना. ती गेली.

मग तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पी, उद्या दवाखान्यात जाशील. निदान जागा तरी दाखवून ठेव."

मी त्याचा हात धरून त्याला चिप्पीच्या झाडापाशी नेलं. तिथल्या वारुळात त्यांची अंडी असतात. वारुळावर आमचं सगळ्यात थोरलं चांदीसोनं पसरून ऊन खात होतं. त्याने मान उचलली, जीभ बाहेर काढली आणि तोईकडे बघितलं.

मी बोट दाखवलं. "हे बघ. हेच."

तोईने घाईघाईने हात जोडले. बुटासकट चिखलात गुडघे टेकले. "कळलं, पी," तो कुजबुजला. "राखण करतंय."

"हो," मी म्हटलं. "आता दोघं मिळून करा."

(सही) सम्ली